दाजींना हवी होती रायफल: मळ्यातल्या घरासाठी पहिली बंदूक निवडताना

ऑक्टोबर २०२३. दसरा होऊन पाचच दिवस झाले होते. दाजी रविवारी सकाळी शहरात माझ्याकडे आले आणि चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच म्हणाले, "पाव्हणं, येक रायफल घ्यायची हाय. तुमी फौजेतलं माणूस. कंची घ्यावी तेवढं सांगा, बाकीचं मी बघतो."

मी पायदळात सतरा वर्षं काढली. शेवटची काही वर्षं कोत माझ्याकडे होता, म्हणजे कंपनीची हत्यारं ठेवायची खोली. आता एअर रायफल शिकायला येणाऱ्या पोरांना उभं कसं राहायचं इथपासून शिकवतो. त्यामुळे नात्यातलं, ओळखीतलं कुणीही बंदुकीचा विचार करायला लागलं की माझ्याकडे येतं. बहुतेकांना नाव ऐकायचं असतं, अमुक घ्या म्हणून. दाजींनाही तेच हवं होतं. त्यांचं प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण त्यात पहिल्यांदा बंदूक घेणाऱ्याच्या जवळपास सगळ्या चुका होत्या आणि त्या वेळेत सापडल्या. घरच्यांना विचारून लिहितोय. गावाचं नाव मात्र देत नाही.

घर आणि माणसं

करवीर तालुका, कोल्हापूर शहरापासून चौदा किलोमीटर. गाव एका बाजूला आणि दाजींचं घर मळ्यात, सगळ्यात जवळचा शेजारी तीन शेतं ओलांडून. चारही बाजूंना ऊस. आडसाली ऊस डोक्याच्या वर गेला की ओसरीतून पन्नास फुटांपलीकडचं दिसत नाही. घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये गुऱ्हाळ. हंगामात गुळव्या आणि गडी असतात, आणि घराच्या मागच्या बाजूला विहिरीपलीकडे बीडकडून आलेली ऊसतोडीची टोळी उतरते. त्यांच्या कोप्या बांबूच्या, पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कागदाच्या. हे ध्यानात ठेवा, पुढे यावरच सगळं ठरलं.

घरात दाजी, वय चोपन्न. ताई. दाजींची आई ऐंशीच्या पुढची, सोप्यात झोपते. सून आणि सहा वर्षांचा नातू. मुलगा पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार येतो.

सप्टेंबरात दोन किलोमीटरवरच्या एका वस्तीवर दरोडा पडला होता. रात्री दीडच्या सुमारास मागचं दार लाथांनी फोडून चार-पाच जण आत शिरले, म्हाताऱ्या जोडप्याला काठ्यांनी मारलं आणि डोरलं-पाटल्या काढून नेल्या. म्हातारीचा हात दोन ठिकाणी मोडला. दाजी तिला दवाखान्यात बघून आले तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. त्यांची भीती खोटी नव्हती, आणि ज्याच्या घरावर अशी वेळ येऊ शकते त्याला "कशाला हवी बंदूक" असं म्हणायचा मला अधिकार नाही, असं मला वाटतं. मी त्यांना नको म्हणालो नाही. आधी घर बघायला येतो म्हणालो.

रायफल कुठून डोक्यात आली

दोन ठिकाणांहून. एका शस्त्राच्या दुकानात ते चौकशी करून आले होते, तिथे त्यांना सांगण्यात आलं की एकदाच घ्यायची तर .३१५ची रायफल घ्या, दुनाळी काय, पाखरं मारायला. आणि मुलाने मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले होते. तिकडे घराच्या रक्षणासाठी पहिली बंदूक कोणती यावर तासन्‌तास बोलतात आणि बऱ्याचदा एआर-१५ जातीच्या हलक्या रायफलीवर येऊन थांबतात. त्याला तिकडची कारणं आहेत. घरं लाकडी सांगाड्याची, आतल्या भिंती जिप्समच्या पातळ फळ्यांच्या, आणि ५.५६ मिलिमीटरची हलकी वेगवान गोळी अशा फळ्यांत लवकर फुटते, असा त्यांचा हिशेब. दुकानात जाऊन तशी रायफल घ्यायची मुभाही बहुतेक राज्यांत आहे. आपल्याकडे ती रायफल सामान्य माणसाला परवान्यावर मिळत नाही. मिळते ती आपल्या आयुध निर्माणीची बोल्टची .३१५, म्हणजे दर गोळीला हाताने खटका मागे-पुढे ओढायची. तिची गोळी आठ मिलिमीटरची, जड, आणि मोकळ्या शिवारात किलोमीटरभर गेली तरी माणूस मारण्याइतका जोर तिच्यात उरतो. म्हणजे व्हिडिओतल्या रायफलीचं कारण घ्यायचं आणि इथली रायफल विकत घ्यायची, असं चाललं होतं.

कायद्याचा कलही मी दाजींना सांगितला. शस्त्र अधिनियम १९५९, कलम १३. त्यात संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली बंदूक मागितली तर ती गरज परवान्याला पुरेशी धरली आहे. रायफल क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीसाठी .२२ची रायफल त्याच रांगेत. बाकी कशालाही परवाना हवा असेल तर तसं सबळ कारण अधिकाऱ्याला पटवावं लागतं. कायदा करणाऱ्यांनी घराच्या रक्षणासाठी बारा बोअरची, म्हणजे छर्ऱ्यांची काडतुसं उडवणारी बंदूक डोळ्यांसमोर ठेवली होती हे यावरून उघड दिसतं.

"म्हंजे रायफल न्हाईच?" दाजी नाराज झाले.

"मिळणारच नाही असं नाही. पण आधी मला तुमच्याकडे एक रात्र राहू दे."

एक रात्र

मी शनिवारी मुक्कामाला गेलो. जेवणं झाल्यावर नातवाला मांडीवर घेऊन सहज विचारलं, "तुझे आजोबा त्यांची महत्त्वाची वस्तू कुठं ठेवतात रे?" पोराने क्षणभरही विचार केला नाही. माझं बोट धरून आतल्या खोलीत नेलं आणि लोखंडी कपाट दाखवलं. मग देव्हाऱ्यापाशी नेलं, चवड्यांवर उभा राहून गणपतीच्या तसबिरीमागे हात घातला आणि किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. दाजी दारात उभे होते. ताई भांडी घासायची थांबली. कुणीच काही बोललं नाही. दाजींनी बंदुकीसाठी हेच कपाट आणि हीच किल्ली मनात धरली होती.

रात्री साडेअकराला मी त्यांना म्हणालो, आता झोपा, मी कधीतरी मागच्या दारावर थाप मारीन, तेव्हा रायफल घ्यायची असती तर जे केलं असतं ते करा. बंदुकीच्या जागी कपाटात एक काठी ठेवली. दोनच्या पुढे मी थाप मारली आणि घड्याळ लावलं. दाजी उठले, चष्मा चाचपडला, तो कोनाड्यातून खाली पडला. लाइट लावला आणि स्वतःच उजेडात उभे राहिले. देव्हारा, किल्ली, कपाट. काठी हातात घेऊन मागच्या दारापाशी यायला एक मिनिट पन्नास सेकंद लागले. तोवर म्हातारी सोप्यातून उठून "कोन हाय गं?" करत मधल्या बोळात येऊन उभी राहिली होती, नेमकी दाजी आणि दार यांच्यामध्ये. सून लेकराला कडेवर घेऊन तिच्या मागे.

पण त्या रात्रीची खरी गोष्ट वेगळीच होती. आम्ही बोळात उभं राहून बोलत असताना मागच्या दाराची कडी बाहेरून कुणीतरी सारली. दार उघडलं. पुण्याहून मुलगा आला होता. उशिराच्या गाडीने आला, मोटारसायकल रस्त्यावर लावली, झोपमोड नको म्हणून मागच्या दाराने गुपचूप शिरला. दर दोन-तीन आठवड्यांनी तो असाच यायचा, अडीचच्या आसपास, न सांगता.

दाजी काठी धरून खाटेवर बसले ते बराच वेळ तसेच बसून राहिले.

सकाळी मी त्यांना मागच्या दारात उभं केलं आणि बाहेर बघायला सांगितलं. दार विहिरीकडे उघडतं. विहिरीच्या पलीकडे पासष्ट पावलांवर टोळीची जागा. त्या वर्षीच्या कोप्या अजून उभ्या राहायच्या होत्या, पण चुलीचे काळे दगड तिथेच होते. "इथून रायफल उडवली आणि नेम चुकला, किंवा गोळी माणसाच्या आरपार गेली, तर ती कुठं थांबणार?" दाजींनी बघितलं. मधे एक निंब आणि पाचटाच्या भिंती, बस. घराच्या पुढच्या बाजूला गुऱ्हाळाचा पत्रा, त्याला तर गोळी कळणारही नाही. आतमध्ये मुलाची खोली प्लायवूडची पार्टिशन टाकून काढलेली. नऊ इंची विटेची भिंत गोळी अडवील, पण माणूस भिंतीतून येत नाही, दारातून येतो, आणि गोळी त्याच दारातून बाहेर जाते.

रायफलीचा विषय तिथे संपला. मला फार समजवावं लागलं नाही.

मग काय घ्यायचं

उरलेल्या पर्यायांपैकी .३२च्या रिव्हॉल्व्हरकडे दाजींचा ओढा होता, कारण ते उशाखाली मावतं. तेच मला नको होतं. जे उशाखाली मावतं ते सहा वर्षांच्या पोराच्या हातातही मावतं. शिवाय आखूड नळीच्या हत्याराने अंधारात, घाबरलेल्या हाताने, पाच-सहा मीटरवरसुद्धा नेम लागणं किती कठीण असतं हे वर्षाला शंभर गोळ्याही न उडवणाऱ्या माणसाला कळत नाही. कुणीतरी एअरगनही सुचवली होती. .१७७ची, वीस ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय मिळते हे खरं, पण ती दरोडेखोराला दाखवणं म्हणजे त्याला चिडवणं.

बारा बोअरमध्ये दोन वाटा. पंप ॲक्शन, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची एकनळी, किंवा दुनाळी. पंपमध्ये काडतुसं जास्त बसतात, पण घाबरलेला नवखा माणूस पंप पुरता मागे ओढत नाही आणि काडतूस मधेच अडकतं. हे मी चांगल्या शिकलेल्या हातांकडूनही होताना पाहिलंय. त्याहून मोठी अडचण ही की ती भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून बघून कळत नाही. दुनाळी मोडली, म्हणजे बिजागरीपाशी वाकवून उघडली, की दोन्ही नळ्या डोळ्यांसमोर उघड्या. काडतूस आहे किंवा नाही, मधलं काही नाही. अंधारात अंगठा फिरवूनही कळतं. मोडून हातावर टांगलेली दुनाळी उडूच शकत नाही, हे म्हातारीलाही लांबून दिसतं. ज्याने आयुष्यात हत्यार धरलं नाही त्याच्यासाठी मला हा गुण बाकी सगळ्यापेक्षा मोठा वाटतो. दोनच काडतुसं असतात ही तक्रार मला मान्य आहे. पण पहिल्या दोनमध्ये जे निभावलं नाही ते तिसऱ्याने निभावेल इतका सराव दाजींचा होणार नव्हता.

छर्ऱ्यांबद्दल एक गैरसमज मी मुद्दाम मोडला. छर्रे फैलावतात, नेम धरायची गरज नाही, असं सगळे सांगतात. पुढे सरावाच्या वेळी पाच मीटरवर वर्तमानपत्र लावून दाजींना बार काढायला सांगितला. सगळी भोकं त्यांच्या एका पंजाखाली झाकली. घरातल्या अंतरावर बारा बोअरलाही नेम धरावाच लागतो. फरक पडतो तो लांबवर. छर्ऱ्यांचा जोर रायफलीच्या गोळीच्या मानाने फार लवकर उतरतो, आणि काडतूस जितकं बारीक छर्ऱ्यांचं तितका लवकर. एलजी नावाच्या काडतुसातले मोजके मोठे छर्रे पासष्ट पावलांवरही जीव घेऊ शकतात. म्हणून एलजी घ्यायचं नाही, मध्यम छर्ऱ्याचं घ्यायचं, आणि तरीही मागच्या दाराबाहेर नळी रोखायची नाही, असं ठरलं.

अर्ज आणि दहा महिने

पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात परवाना आयुक्त देतात. आपल्याकडे तो जिल्हाधिकारी देतात. अर्ज भरला, पोलिसांची चौकशी झाली. २०१६च्या शस्त्र नियमांनी हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि हत्यार सुरक्षित ठेवायची सोय या तिन्ही गोष्टी आणल्या, आणि त्या आणल्या ते चांगलंच झालं. मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली, काम जूनपर्यंत पडून राहिलं. दाजी वैतागले. मला मात्र त्या महिन्यांचं सोनं झाल्यासारखं वाटतं, कारण बंदूक नसताना जी कामं झाली ती बंदूक आल्यावर कुणी केली नसती.

मागच्या दाराची चौकट बदलली, आतून लोखंडी आडवी पट्टी बसवली. लाथेने तीन-चार मिनिटं न तुटणारं दार हे पहिलं हत्यार. बाहेर चार दिवे आणि एक भोंगा, त्यांचं बटण दाजींच्या खाटेशेजारी, म्हणजे उजेड बाहेर पडतो आणि आपण अंधारात राहतो. कुत्रं होतंच, त्याला रात्री मोकळं सोडायला लागले. ग्रामसुरक्षा यंत्रणेत घरातले सगळे नंबर नोंदवले. त्यात एका फोनवर गावातल्या सगळ्यांचे फोन वाजतात. ११२ ताईच्या आणि सुनेच्या दोघींच्या फोनवर पहिल्या जागी. गुऱ्हाळाचा हिशेब रोखीत व्हायचा तो बँकेत वळवला आणि दाजींनी हे गड्यांसमोर मोठ्याने सांगितलं, कारण घरात पैसे नाहीत हेही चार लोकांना माहीत असावं लागतं. मुलगा आता शिरोलीच्या फाट्यावर उतरला की फोन करतो आणि पुढच्या दारानेच येतो. फोन लागला नाही तर बाहेर थांबतो. हा नियम मी त्याच्याकडून आईच्या पायांवर हात ठेवून घेतला. थोडं नाटकी वाटलं असेल, पण दुसरं काही सुचलं नाही.

एका गोष्टीत मी चुकलो, ती ताईने दाखवली. "तुझे दाजी अडत्याकडं नायतर पाव्हण्याकडं मुक्कामाला गेलं तर बंदूक कोन चालवणार, मी?" परवाना एकाच्या नावाचा असतो. दुसऱ्याने ती चालवायची नसते. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला न्यायला मालकाच्या लेखी परवानगीने दुसरा माणूस नेऊ शकतो, तेवढी सूट आहे. म्हणजे दाजी घरात नसतील त्या रात्री ती बंदूक घराचं रक्षण करत नाही. उलट घरात चोरण्यासारखी आणखी एक वस्तू, आणि चोराच्या हाती लागली तर सोन्यापेक्षा वाईट. मी नळ्या आणि काडतुसांत अडकलो होतो आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यावर दोन गोष्टी केल्या. आकड्यांच्या कुलपाची पोलादी पेटी भिंतीत आणि फरशीत बोल्ट मारून बसवली, काडतुसांना वेगळा कप्पा, आकडा फक्त दाजींना. आणि दोन रात्रींपेक्षा जास्त घर सोडायचं असेल तर बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायची.

कलमांची उजळणी मी त्यांच्याकडून पोरांसारखी करून घेतली. तोवर १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाली होती, त्यामुळे जुने आकडे सोडून नवे शिकलो. जिवावर बेतेल, जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल तर कलम ३८. मालमत्तेसाठी थेट प्राण घेण्यापर्यंत जाण्याचा हक्क कलम ४१ मोजक्याच प्रसंगी देतं: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यानची घरफोडी, घराला आग लावणं, आणि अशी चोरी किंवा घुसखोरी की जिच्यात जीव जाईल किंवा जबर मार बसेल अशी भीती रास्त आहे. आणि पोलिसांना बोलवायला वेळ असेल तर हक्क नाही, गरजेपेक्षा जास्त इजा करायचा तर कधीच नाही, हे कलम ३७. "शेतातली मोटार कुणी नेत असंल तर?" दाजींनी विचारलं. नुसती चोरी असेल तर गोळी नाही. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

खरेदी

परवाना ऑगस्ट २०२४मध्ये हातात पडला. त्याच आठवड्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकला रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं होतं, अख्खा जिल्हा गुलालात होता, आणि गावात ज्याला त्याला वाटत होतं की कोल्हापूरच्या माणसाने दुनाळी काय घ्यावी. पन्नास मीटरवर कागदावर चालणारी .२२ आणि बोळात चालणारं हत्यार यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे मला त्या दिवसांत दहा जणांना सांगावं लागलं.

आम्ही तीन जुन्या दुनाळ्या पाहिल्या. पहिली दिसायला सुरेख, दस्त्यावर नक्षी. मी ती मोडून नळ्या आभाळाकडे धरल्या. आतून आरशासारख्या चकचकीत, पण काडतूस बसतं त्याच्या चार बोटं पुढे बारीक खड्डे होते, काळ्या तिळांसारखे. पॉलिशने गंज जातो, खड्डे जात नाहीत. दुसरी मिटून दस्ता धरून हलवली, तर नळी आणि पाठीच्या मधून खुट्‌ असा आवाज आला. बिजागरी झिजलेली. तिसरी घट्ट. तिच्या नळीखालचा ठसा वाचला, काडतुसाची जागा ७० मिलिमीटर. हा आकडा वाचल्याशिवाय जुनी बंदूक घेऊ नये. बऱ्याच जुन्या बंदुका ६५ मिलिमीटरच्या असतात, त्यांत ७०चं काडतूस बसतं, पण उडताना त्याचं तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि आतला दाब वाढतो. नकली काडतुसं घालून दोन्ही चाप ओढून पाहिले, दोन्ही टोले सारखे. तिसरी घेतली. काडतुसं खडकीच्या कारखान्याची शक्तिमान.

पहिल्या बाराला दाजींनी डोळे मिटले आणि दस्ता खांद्यापासून दोन बोटं लांब धरला. खांदा आठवडाभर निळा होता. दुसऱ्या दिवसापासून मी काडतूसच दिलं नाही. पंधरा दिवस फक्त मोडणं, बघणं, मिटणं, खांद्याला लावणं, आणि बोट चापावर न ठेवता बाजूला सरळ ठेवणं. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. कोयता धरलेल्या हाताची बोटं आपोआप मिटतात. रोज रात्री जेवणानंतर वीस वेळा. नातू शेजारी बसून मोजायचा आणि बोट आत गेलं की ओरडायचा, "आजोबा, बोट!"

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि हत्यार जमा करायची नोटीस आली. ऐन हंगामाच्या तोंडावर बंदूक पोलीस ठाण्यात. दाजी चिडले, पण दार, दिवे, भोंगा आणि कुत्रं घरातच होतं. डिसेंबरात ती परत आली.

जानेवारी २०२५

पौषातली थंडी, पहाटे तीनच्या आसपास कुत्रं विहिरीच्या बाजूला तुटून पडल्यासारखं भुंकायला लागलं. दाजींनी ठरल्याप्रमाणे चष्मा घातला, लाइट लावला नाही. ताईने फोन लावले. सून लेकराला आणि म्हातारीला घेऊन मधल्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी घातली. पेटी उघडून दोन काडतुसं भरून दाजी बोळाच्या तोंडाशी येईपर्यंत पन्नास सेकंदही गेले नसतील. मग त्यांनी बाहेरचे दिवे आणि भोंगा एकदम चालू केला.

मागच्या दाराच्या फटीतून त्यांना दोन माणसं दिसली. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापत होती. तांब्याच्या केबलची चोरी आमच्याकडे नवी नाही. अंतर पंचवीस पावलं, दिव्याच्या उजेडात पाठमोरी. दाजी मला नंतर म्हणाले, "पाव्हणं, हात शिवशिवत हुता. दार उघडून येक बार काढला असता तर दोघंबी तिथंच बसलं असतं." त्यांनी पट्टीला हातही घातला होता. ताई मागून एवढंच म्हणाली, "दार उघडायचं न्हाई ठरलंय." ते थांबले. चोर कापलेली चाळीसेक फूट केबल घेऊन उसात शिरले. दहा मिनिटांत गावातून पंधरा-वीस जण काठ्या-बॅटऱ्या घेऊन आले, पाठोपाठ पोलिसांची गाडी.

मी सकाळी आठला पोचलो. पेटी बंद होती, दाजींनी दोन्ही काडतुसं मोजून परत ठेवली होती. आम्ही दोघं मागच्या दारात उभे राहिलो, चोर होते तिथे केबलचं कापलेलं टोक लोंबत होतं. दाजींनी डोळा मिटून हाताने रेघ धरली, दारापासून टोकापर्यंत आणि तिथून पुढे. रेघ बरोबर तिसऱ्या कोपीवर गेली. कोपीसमोर एक पोरगी उकिडवी बसून तांब्यातल्या पाण्याने तोंड धूत होती. तिच्या आईने आमच्याकडे बघून विचारलं, "मालक, रातच्याला काय झालं वो? भोंग्यानं पोरं उठून बसली."

"केबल नेली," दाजी म्हणाले. "काय न्हाई. झोपवा पोरं."

नवी केबल आठ दिवसांत टाकली, या वेळी जमिनीखालून पाइपात. विहिरीकडचा दिवा निंबाच्या सावलीत अडतो असं त्या रात्री लक्षात आलं, तो सहा फूट पुढे घेतला. आणि येत्या हंगामात टोळीला जागा पुढच्या बाजूला, गुऱ्हाळाच्या आडोशाला द्यायची असं दाजींनी स्वतःच मुकादमाला सांगून टाकलं.